डोळे उघडे ठेवूनच बसायचं: संघर्षग्रस्त भागातल्या पर्यावरण-शांतता कार्यकर्त्यांसाठी सजगतेचं प्रशिक्षण कसं उभं करावं

"टीमवर फार ताण आहे, त्यांच्यासाठी माइंडफुलनेसचं काहीतरी करा." एवढ्या एका वाक्यावर ही जबाबदारी बहुतेक वेळा कुणाच्या तरी गळ्यात पडते. ते कुणीतरी तुम्ही असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. तुम्ही प्रशिक्षक असा, समन्वयक असा, नाहीतर स्वतः फिरतीवर असणारे कार्यकर्ते असा. ध्यानाशी थोडीफार ओळख आहे, पण गोळीबाराच्या आवाक्यात राहणाऱ्या माणसांसोबत ते कधी केलेलं नाही, असं मी धरून चाललोय.

माझं मत आधीच सांगितलेलं बरं. अशा ठिकाणी सजगता (म्हणजे माइंडफुलनेस, आत्ता जे घडतंय त्याकडे जाणीवपूर्वक लक्ष देणं) 'शांत वाटावं' म्हणून शिकवायला गेलात तर फसाल. जिथे पायवाटेत सुरुंग असू शकतो, तिथे दचकणं आणि कान टवकारणं यानेच माणूस जिवंत राहतो. ते काढून घ्यायचा आपल्याला अधिकार नाही. प्रशिक्षणाचं काम त्याहून लहान आहे आणि अवघडही. आत्ता समोर खरंच धोका आहे की मागचा धोका अंगात राहून गेलाय, हे माणसाला ओळखता यावं. आणि बैठकीत शब्दाला शब्द लागायच्या आधी उत्तर देणाऱ्याला दोन श्वासांची उसंत मिळावी.

पायरी १: हे लोक करतात काय, ते आधी समजून घ्या

पाणी, जमीन, जंगल, चराई यांवरून जिथे माणसं एकमेकांच्या जिवावर उठली आहेत, तिथे त्याच पाण्याच्या नि जंगलाच्या राखणीसाठी दोन्ही बाजूंना एकत्र आणायचं, हा या कामाचा गाभा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २००९ साली जो अहवाल काढला, त्यात आधीच्या साठ वर्षांतल्या देशांतर्गत संघर्षांपैकी किमान ४० टक्के संघर्षांचा संबंध नैसर्गिक साधनसंपत्तीशी असल्याचं म्हटलं होतं. असे संघर्ष एकदा मिटले तरी पहिल्या पाच वर्षांत पुन्हा पेटण्याची शक्यता इतर संघर्षांच्या दुप्पट, असंही त्यात होतं. म्हणजे तुमच्या टीमने आज जुळवून आणलेली पाणीवाटपाची बोलणी पुढच्या उन्हाळ्यात मोडू शकतात, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक असतं.

हे काम वेगवेगळ्या रूपांत दिसतं. जॉर्डन नदीच्या खोऱ्यात 'इकोपीस मिडल ईस्ट' ही संस्था १९९४ पासून इस्रायली, पॅलेस्टिनी आणि जॉर्डनच्या माणसांना पाण्याच्या प्रश्नावर एकत्र काम करायला लावते आहे. कोलंबियात अत्रातो नदीला तिथल्या घटनात्मक न्यायालयाने २०१६ साली हक्क बहाल केले आणि त्या नदीचे पालक म्हणून काठावरच्या समाजांतली माणसं पुढे आली. त्या खोऱ्यातल्या बेकायदा सोन्याच्या खाणी आणि सशस्त्र टोळ्या काही त्यामुळे गेल्या नाहीत. सुदानमधल्या दारफुरमध्ये शेतकरी आणि पशुपालक यांच्यातल्या गुरांच्या वाटांवर बोलणी करणारे लोक आहेत. काँगोमधल्या विरुंगा राष्ट्रीय उद्यानाचे वनरक्षकही याच कामाच्या जवळचे. तिथे एप्रिल २०२० मध्ये एकाच हल्ल्यात १२ वनरक्षक मारले गेले.

या लोकांवरचा ताण एका प्रकारचा नसतो, म्हणून त्याची उजळणी करून घ्या. जिवाची भीती तर आहेच. जमीन आणि पर्यावरण राखणाऱ्यांच्या हत्यांची नोंद ठेवणाऱ्या ग्लोबल विटनेस या संस्थेने २०२३ या एका वर्षात अशा १९६ हत्या नोंदवल्या, त्यातल्या ७९ एकट्या कोलंबियात. पण रोजचा जाच बहुतेकदा वेगळा असतो. दोन्ही बाजूंशी बोलणारा माणूस दोन्हीकडे संशयाचा धनी होतो. 'तू त्यांचा' हे वाक्य तो स्वतःच्या घरातही ऐकतो. दहा वर्षं जपलेली झाडं एका रात्रीत कोळशासाठी तोडली जातात, तेव्हा त्या दुःखाला कुणी दुःख म्हणत नाही. आणि यातले बरेच जण तिथलेच असतात. ज्यांच्यात समेट घडवायचा, त्यांच्यापैकी कुणी आपल्या भावाला मारलं हे त्यांना नावानिशी माहीत असतं.

एक गोष्ट टीमला जरूर सांगा. सजगता ही निवांत लोकांची चैन आहे, असं अनेकांच्या डोक्यात असतं, पण तसं नाही. व्हिएतनाम युद्धात थिक न्हात हान्ह या व्हिएतनामी बौद्ध भिक्षूंनी तरुण समाजसेवकांची शाळा उभी केली होती. ही मुलं बॉम्बने उद्ध्वस्त झालेली गावं पुन्हा बांधायची, दोन्ही पक्ष त्यांच्याकडे संशयाने बघायचे, त्यांच्यातले काही मारलेही गेले. १९७४ साली फ्रान्समध्ये हद्दपारीत असताना न्हात हान्ह यांनी त्या शाळेच्या एका कार्यकर्त्याला लांबलचक पत्र लिहिलं: चालताना, भांडी घासताना, थकलेलं असताना श्वासावर कसं राहायचं याचं. आज जगभर जी सजगता शिकवली जाते, तिचा एक धागा थेट युद्धात काम करणाऱ्या थकलेल्या माणसांपर्यंत जातो.

पायरी २: प्रशिक्षण द्यायचंच का, हे विचारा

बहुतेक मार्गदर्शक पुस्तिका ही पायरी गाळतात. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते.

टीमला चार महिने पगार नसेल, गाडीला वायरलेस नसेल, तीन वर्षं कुणी सलग आठवडाभर रजा घेतली नसेल, तर आधी ते बघा. अशा वेळी 'श्वासाकडे लक्ष द्या' म्हणणं म्हणजे दुखणं संस्थेचं आणि औषध कार्यकर्त्याला, असा प्रकार होतो. आणि लोक ते ओळखतात. पहिल्याच सत्रात मागच्या रांगेतून कुणीतरी विचारतं, "हे केल्याने चेकपोस्टवर थांबवणार नाहीत का?" त्या प्रश्नाला हसून टाळू नका. "नाही. चेकपोस्ट तसाच राहील," असंच उत्तर द्या, आणि सुरक्षेचा मुद्दा लेखी स्वरूपात वरिष्ठांपर्यंत न्या. रजा, विमा, प्रवासाचे नियम आणि संकटात कुणाला फोन करायचा, या चार गोष्टींवर व्यवस्थापनाशी बोलणं झाल्याशिवाय तारीख ठरवू नका.

दुसरं, टीमला हे हवंय का? वरून आदेश आला म्हणून हजेरी लावणारे लोक सजगता शिकत नाहीत, फक्त बसून राहतात. उपस्थिती ऐच्छिक ठेवा आणि न येणाऱ्याचं नाव कुठेही लिहू नका.

पायरी ३: स्वतःचा सराव

स्वतः रोज न बसणाऱ्याने दुसऱ्याला बसवू नये. निदान काही महिन्यांचा नियमित सराव आणि एखाद्या जाणत्या शिक्षकाकडचा रीतसर अभ्यासक्रम हवा. १९७९ मध्ये जॉन काबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेला आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम हा त्यातला सर्वांत परिचित. तो इस्पितळातल्या जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी घडवलेला होता, हे मात्र विसरू नका. युद्धातून परवाच परतलेल्या माणसासाठी तो जसाच्या तसा चालत नाही.

विपश्यनेची शिबिरं केलेल्यांना एक वेगळी सूचना. दहा दिवसांचं मौन तुम्हाला मानवलं असेल, म्हणून ते इथे आणू नका. ताज्या आघातातल्या माणसासाठी लांब मौन आणि मिटलेले डोळे धोक्याचे ठरू शकतात. ध्यानाने काही जणांना त्रास होतो, भीती उसळते, झोप उडते, आपण आपल्यापासून सुटल्यासारखं वाटतं. ब्राउन विद्यापीठातल्या विलोबी ब्रिटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा अनुभवांचा पद्धतशीर अभ्यास केलेला आहे.

पायरी ४: आधी एकेकट्याशी बोला

गटाच्या आधी प्रत्येकाशी पंधरा-वीस मिनिटं बोला. आघाताची कहाणी विचारू नका, ती ऐकण्यासाठी तुम्ही तिथे नाही. विचारायचं ते साधं: झोप कशी आहे? रात्री दचकून जाग येते का? काम करताना मध्येच सुन्न व्हायला होतं का? डोळे मिटून बसायला कसं वाटतं? एखाद्या वासाने, आवाजाने अंगाला कापरं भरतं का? गोळ्या किंवा दारूचं प्रमाण वाढलंय का?

युद्धाची झळ बसलेल्या लोकसंख्येत साधारण पाचांतल्या एकाला नैराश्य, चिंता, आघातोत्तर ताण किंवा तत्सम मानसिक विकार असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा अंदाज आहे. तेव्हा पंधरा जणांच्या गटात असे दोन-तीन जण असतील हे गृहीतच धरा. जीव द्यावासा वाटणं, वास्तवाचं भान सुटणं, गेल्या काही आठवड्यांतच जवळच्या माणसाचा मृत्यू किंवा स्वतःवर हल्ला, यांपैकी काही असेल तर त्या व्यक्तीला गटात बसवू नका. तिला समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे न्यायचं आहे. त्यासाठी त्या भागात, त्या भाषेत, परवडेल असा कोण उपलब्ध आहे याची यादी आधीच हातात हवी. कुणीच उपलब्ध नसेल, तर तुमचं प्रशिक्षण अगदी हलकं ठेवा: जमिनीवर पाय, खोलीकडे नजर, लांब उच्छ्वास. त्यापलीकडे जाऊ नका.

पायरी ५: जागा, भाषा, श्रद्धा

खोलीला दोन दारं असतील तर उत्तम, आणि दार आतून दिसेल अशा खुर्च्या मांडा. पाठ भिंतीला लागलेली बरी. दार लावायचं असेल तर विचारून लावा. उशा, मेणबत्त्या, घंटेचा आवाज हे सगळं टाळा. काही ठिकाणी घंटेसारखा आवाज सायरनची आठवण करून देतो.

भाषा त्यांची. दुभाष्यासोबत शिकवणार असाल तर त्याच्यासोबत आधी पूर्ण सत्र स्वतः करून बघा, कारण 'लक्ष असू द्या' याचं भाषांतर 'सावधान!' असं झालं तर सगळे ताठ बसतात. दुभाषी कुठल्या समाजाचा आहे हेही बघा. दोन्ही बाजूंचे लोक गटात असतील तर शक्यतो दोन दुभाषी ठेवा.

श्रद्धेचा प्रश्न हमखास निघतो. "हे कुठल्या धर्माचं?" याला प्रामाणिक उत्तर असं की मूळ बौद्ध परंपरेत आहे, इथे आपण त्यातला लक्ष देण्याचा भाग तेवढा घेतोय, आणि कुणाची प्रार्थना, जपमाळ, नमाज हे ज्याचं त्याने चालू ठेवायचंच आहे. अनेकांकडे ठहराव आणणारी स्वतःची रीत आधीच असते. ती विचारून घ्या. कधी कधी तुमच्या सरावापेक्षा ती जास्त कामाची असते.

पायरी ६: पहिलं सत्र

पहिलं सत्र पाऊण तासाचं. त्यातलं प्रत्यक्ष सरावाचं जेमतेम दहा मिनिटांचं, तेही तुकड्यातुकड्यांत.

सुरुवात नियमांनी. कधीही उठून जाता येईल, कारण सांगायची गरज नाही. डोळे उघडेच ठेवायचे. फोन शांत ठेवायचा, पण बंद करायचा नाही, कारण अशा भागात सुरक्षेचा निरोप फोनवरच येतो. इथलं बोलणं इथेच राहील.

मग पहिला सराव. मी असं म्हणतो: "मान हळूहळू फिरवा आणि ही खोली बघा. दार कुठे आहे? खिडकी कुठे? कुठल्या रंगाच्या वस्तू दिसतात? आता बसल्या जागी तळपाय जमिनीवर टेकवा आणि थोडा दाब द्या. उजवा. आता डावा. पाठ कुठे टेकली आहे? एवढंच." थांबा. घाई करू नका. आवाज नेहमीचाच ठेवा. ध्यानाचा म्हणून एक खास मधाळ आवाज काढला जातो, त्याने संघर्षग्रस्त भागातले लोक सावध होतात किंवा हसतात.

यात श्वासाचं नाव नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ते मुद्दाम आहे. छातीकडे लक्ष नेलं की धडधड जाणवते, आणि धडधड म्हणजे धोका असं ज्याच्या अंगात भिनलंय तो तिथेच घाबरतो. पाय, हात, खुर्ची, आवाज, भिंतीचा रंग, ही लक्ष ठेवायला जास्त सुरक्षित ठिकाणं. श्वास दुसऱ्या-तिसऱ्या सत्रात आणा, तोही एक पर्याय म्हणून.

श्वास घ्यायला लावाल तेव्हा उच्छ्वास लांबवायला सांगा. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते, हे शरीराचं साधं गणित आहे. नाकाने घ्या, ओठांचा चंबू करून हळू सोडा. श्वास रोखून धरायला लावू नका, मोजायची सक्ती नको. चार-पाच श्वास झाले की पुन्हा खोलीकडे नजर.

शेवटी विचारा, "काय लक्षात आलं?" "कसं वाटलं?" असं विचारलं की सगळे "छान" म्हणतात. "काय लक्षात आलं?" म्हटलं की कुणी म्हणतं, पंख्याचा आवाज इतका मोठा आहे हे आज कळलं. कुणी म्हणतं, माझा डावा पाय हललाच नाही. कुणी म्हणतं, काहीच नाही, वेळ वाया गेला. तिन्ही उत्तरं सारख्याच आवाजात ऐकून घ्या.

पायरी ७: निसर्गात न्यायच्या आधी

पर्यावरणवाले लोक, मग सत्र झाडाखाली नाहीतर नदीकाठी घेऊ, हा मोह प्रत्येक नव्या प्रशिक्षकाला होतो. थांबा. त्या काठावर काय घडलं होतं ते तिथल्या माणसांना विचारा. प्रेतं त्याच पाण्यातून वाहून आली असतील. रान भूसुरुंगमुक्त केलेलं आहे का, याची खात्री स्थानिक यंत्रणेकडून करून घ्या, तुमच्या अंदाजावर विसंबू नका. मोकळ्यावर गोल करून बसलेला गट दुरून कसा दिसेल, याचाही विचार करा.

एवढं सगळं पाहून जागा निर्धोक ठरली, तर मात्र चालण्याचा सराव इतर कशाहून जास्त उपयोगी पडतो. बसून लक्ष लागत नाही अशा माणसांचंही चालताना लागतं. नेहमीच्याच वेगाने चाला, प्रत्येक पावलाला टाच-चवडा-टाच-चवडा एवढंच. अधूनमधून थांबून एखाद्या झाडाची एकच गोष्ट नीट बघा: साल, किंवा नवी पालवी, किंवा कुऱ्हाडीची खूण. हो, कुऱ्हाडीची खूणसुद्धा. या लोकांचं दुःख तिथेच आहे. ते बघून न पळणं हाही सराव आहे, फक्त तो तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आधी नको.

पायरी ८: बैठकीत उपयोग

हे सगळं शिकवायचं ते ज्या क्षणासाठी, तो क्षण असा असतो. समजा विहिरीच्या पाळीवरून पशुपालक आणि शेतकरी बसलेत. तुमची सहकारी मध्यस्थ आहे. एक म्हातारा उठून तिला म्हणतो, "तुझ्या बापाने यांची बाजू घेतली होती, तू काय न्याय करणार?" तिचे कान तापतात, तोंडाला कोरड पडते, उत्तर जिभेवर तयार असतं आणि ते उत्तर खरंही असतं.

इथे तिने करायचं ते असं. तळपाय जमिनीवर दाबायचे, टेबलाखाली कुणाला दिसत नाही. श्वास एकदा पूर्ण सोडायचा. मनातल्या मनात नाव द्यायचं: "राग. कान गरम." मग त्या म्हाताऱ्याचंच वाक्य मागे द्यायचं: "माझ्या घराण्यामुळे तुम्हाला माझा भरवसा वाटत नाही, असं म्हणताय." तो "हो" म्हणेल. त्या "हो"पर्यंत पोहोचायला लागतात फार तर दहा सेकंद, आणि तेवढ्यात खोलीतल्या बाकीच्यांनीही श्वास सोडलेला असतो.

हे जमायला नाटुकलं करून सराव करावा लागतो. जोड्या पाडा. एकाने खरंच बोचेल असं वाक्य बोलायचं, आधी ठरवून, प्रत्येकाने स्वतःला किती बोचलेलं चालेल ते स्वतः सांगून. दुसऱ्याने पाय, उच्छ्वास, नाव, वाक्य मागे. मग अदलाबदल. पहिल्या फेरीत सगळे हसतात, दुसऱ्या फेरीत खोली गंभीर होते. एका सत्रात दोन फेऱ्या पुरेत.

एक जपायला हवं. सजगतेच्या नावाखाली राग गिळायला शिकवू नका. काही ठिकाणी राग योग्यच असतो, आणि "हे मला मान्य नाही" हे वाक्य मध्यस्थाने शांत आवाजात पण ठामपणे म्हणायला हवंच. थांबण्यामुळे ते वाक्य निवडून म्हणता येतं.

पायरी ९: सरावात कुणी हेलकावलं तर

लक्षणं: नजर एका जागी खिळते, चेहरा पांढरा पडतो, श्वास उथळ आणि भराभर होतो, हाक मारली तरी ऐकू जात नाही. किंवा उलट, माणूस अचानक रडायला लागतो, उठून निघतो.

सराव सगळ्यांसाठीच थांबवा, त्या एकट्याकडे बोट न दाखवता. "सगळे उभे राहू, हातपाय जरा झटकू." मग त्या व्यक्तीजवळ बाजूने जा, मागून नाही, आणि स्पर्श विचारल्याशिवाय नाही. तिला नावाने हाक मारा, आज कुठला वार आहे, आपण कुठे आहोत ते सांगा. गार पाण्याचा पेला हातात द्या. पिण्यापेक्षा त्याचा गारवा हाताला जाणवणं महत्त्वाचं. समोरच्या पाच वस्तूंची नावं घ्यायला सांगा. "काय आठवलं?" असं विचारू नका. थोडं सावरल्यावर ठरवलेल्या सहकाऱ्यासोबत बाहेर बसू द्या. हा सहकारी प्रत्येक सत्राला आधीच नेमलेला हवा, त्यामुळे तुम्हाला गट सोडावा लागत नाही. त्याच दिवशी संध्याकाळी चौकशी करा, दुसऱ्या दिवशी पुन्हा.

पायरी १०: आखणी किती लांब

आठ आठवडे, दर आठवड्याला अडीच तास, ही काबाट-झिन यांच्या अभ्यासक्रमाची आखणी फिरतीवरच्या लोकांना झेपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा 'सेल्फ-हेल्प प्लस' हा नमुना बघा: पाच सत्रं, ध्वनिमुद्रित मार्गदर्शन, चित्रांची पुस्तिका, तीस जणांपर्यंतचा गट, आणि चालवायला मानसोपचाराची पदवी नसलेली पण प्रशिक्षित केलेली माणसं. युगांडात आश्रय घेतलेल्या दक्षिण सुदानी स्त्रियांवर त्याची रीतसर चाचणी झाली, आणि तीन महिन्यांनीही त्यांच्या मानसिक त्रासात घट दिसली. संघटनेने २०२० मध्ये काढलेली ताणाविषयीची सचित्र पुस्तिका मोफत मिळते. तुमचा आराखडा तिच्याभोवती बांधलात तर शून्यापासून काही रचावं लागणार नाही.

मी सुचवेन: पाच-सहा सत्रं, आठवड्याला एक, आणि रोजचा सराव तीन मिनिटांच्या तुकड्यांत. गाडीत बसल्यावर, चेकपोस्टची रांग लागलेली असताना (डोळे उघडे, हात दिसतील असे), बैठकीच्या दारात. उपदेश करून रोजचा अर्धा तास कुणी काढत नाही.

दौऱ्यावरून परतल्यावरचा एक नेम मात्र पक्का करा. दोघांनी बसायचं, एकाने पाच मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने न अडवता, सल्ला न देता ऐकायचं. मग अदलाबदल. अहवाल त्यानंतर लिहायचा. अहवाल आधी लिहिला की माणूस घटना सांगतो आणि स्वतःला गाळतो.

पायरी ११: फरक पडतोय का

'ताण किती टक्के कमी झाला' असे आलेख देणगीदारांना आवडतात. मला त्यांचा फारसा भरवसा वाटत नाही, कारण त्याच महिन्यात शेजारच्या गावावर हल्ला झाला तर आलेख वर जाणारच. त्यापेक्षा टीमलाच विचारा: गेल्या महिन्यात कधी थांबून बोललात, त्याने काय झालं? रजा मागणं सोपं झालं का? काम सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण कसं आहे? आणि कुणाला त्रास वाढला का, हा प्रश्न प्रत्येक वेळी हवाच.

नोंदी ठेवाल त्या बेताने. कोण रडलं, कोण काय म्हणालं, कोणाचा भाऊ कुठल्या गटात आहे, यातलं काहीही कागदावर नको. वही जप्त होऊ शकते, लॅपटॉप तपासला जाऊ शकतो. फोटो काढू नका. दोन बाजूंची माणसं एका खोलीत बसलेली दिसली एवढ्यावरून कुणाचा जीव जाऊ शकतो. देणगीदाराला फोटो हवाच असेल तर रिकाम्या खुर्च्यांचा द्या.

पायरी १२: सूत्रं हातात द्या

तुम्ही बाहेरून आलेले असाल तर एक दिवस जाणार आहात. तिसऱ्या सत्रापासूनच दोन स्थानिक माणसं निवडा, शक्य असेल तर दोन्ही समाजांतली, एक स्त्री आणि एक पुरुष. निवड टीमने करावी. तीन मिनिटांचा एक सराव त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही गटात बसा. चुकले तर मध्ये बोलू नका, नंतर सांगा. शेवटची दोन सत्रं त्यांनीच घ्यायची. पुढे महिन्यातून एकदा फोनवर त्यांच्याशी बोलायचं ठरवून ठेवा, आणि त्या बोलण्याचा वेळ त्यांच्या पगारी कामात धरला जाईल अशी संस्थेकडून लेखी हमी घ्या.